कोरडी जागा, उंच चारा

भोकरदन तालुक्यातल्या एका वाडीवर आमच्या ओळखीच्या एक बाई राहतात. नवरा वारला. दीड एकर कोरडवाहू जमीन आहे. घरात दोन मुले आणि दारात तीन शेळ्या. एका श्रावणात आम्ही त्यांच्याकडे गेलो. चार दिवस पाऊस उघडला नव्हता. ओसरीच्या कडेला दोन करडे मरून पडली होती. त्याआधी दोन गेली होती. तीन शेळ्यांची मिळून पाच करडे, त्यांतले एक उरले.

बाई म्हणाल्या, "गुरुजी, नजर लागली बघा. शेजारीण बघून गेली, म्हणली, किती गुबगुबीत लेकरं हायेत. त्याच रातीपासून ढासायला लागली."

शेजारणीचा काही दोष नव्हता. आम्ही शेळ्या बांधायच्या जागेत गेलो आणि खाली गुडघा टेकला. उठलो तेव्हा पायजमा गुडघ्यावर ओला झाला होता. डोळेही चुरचुरू लागले. आम्ही दोन मिनिटांत बाहेर आलो. करडांना तिथे सारी रात्र काढायची होती.

ही करडे पुढच्या मृगाच्या आधी विकायची आणि त्या पैशात बी-खत आणायचे, असा बाईंचा हिशेब होता. चार करडे गेली म्हणजे पेरणीला उसने मागणे आले. शेळीला गरिबाची गाय म्हणतात. पण गरिबाच्या घरी शेळीचा पैसा दुधात थोडा, करडात जास्त. शेळी जगली आणि करडू मेले, तर वर्ष फुकट गेले.

करडे का मरतात? हे समजायला आधी शेळीचा स्वभाव समजून घेऊ.

शेळीचे पूर्वज इराण देशाच्या बाजूला कोरड्या, खडकाळ डोंगरांत राहत. सुमारे १०,००० वर्षांपूर्वी माणसाने त्यांना माणसाळवले. खडकावर पाणी साचत नाही. तिथे गवत थोडे आणि झुडपे जास्त. म्हणून शेळी मान वर करून पाला ओरबाडते. गाय मान खाली घालून गवत खाते. दहा हजार वर्षे झाली, तरी शेळीचा हा स्वभाव गेला नाही. तुमच्या गावातच पहा. मोकळी शेळी ओट्यावर चढते, पडक्या भिंतीवर चढते, बैलगाडीवर चढून बसते. आपण तिला खोडकर म्हणून हाकलतो. ती खोडी नव्हे. ती कोरडी आणि उंच जागा शोधते.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी दिसते ती काळी उस्मानाबादी शेळी. धाराशिव जिल्ह्याचे जुने नाव उस्मानाबाद, त्यावरून तिचे नाव पडले. ती मराठवाड्याच्या उन्हात टिकते. पुष्कळदा जुळी करडे देते. १९७२ सालच्या दुष्काळात आम्ही लहान होतो. दुष्काळी कामावर मोठी माणसे खडी फोडायची आणि आम्हा पोरांना सुकडी मिळायची. लोकांनी दावणीचे बैल मातीमोल विकले. शेळी मात्र बाभळीच्या शेंगा आणि बोरीचा पाला खाऊन जगली. उन्हाला आणि उपासाला ती अशी चिवट. ओलीला मात्र ती फार नाजूक आहे, करडू तर त्याहून नाजूक.

आणि आपल्या जालना जिल्ह्यात जागोजाग काळी माती. कापसाला, तुरीला ही माती चांगली. कारण ती पाणी धरून ठेवते. नेमके हेच शेळीच्या पायाखाली नको असते. पावसाचे पाणी आणि शेळीचे मूत काळ्या मातीत मुरते आणि तिथेच राहते. वरून लेंड्या पडतात. त्याचा चिखल होतो.

या चिखलात करडाचे काय होते ते पाहा. नुकते जन्मलेले करडू दोन-सव्वादोन किलोचे. अंगात चरबी नाही. ओल्या जमिनीवर बसले की अंगातली ऊब जमीन ओढून घेते. सकाळपर्यंत ते गारठते. दुसरे असे, की मूत कुजले म्हणजे त्यातून एक झोंबणारी हवा सुटते. आपले डोळे चुरचुरतात ते तिनेच. ही हवा खाली, करडाच्या नाकाजवळ जास्त असते. तिने फुप्फुसे दुखावतात, मग ढास लागते, ताप येतो. आणि तिसरे, हगवणीचे रोगजंतू ओलीत वाढतात. करडू चिखलातल्या सडाला तोंड लावते, तो चिखल पोटात जातो आणि हगवण सुरू होते. यात नजर कुठेच येत नाही.

आमचीही एक फजिती सांगतो. नोकरी संपल्यावर आम्ही चार शेळ्या घेतल्या. थंडी पडली. आम्हाला वाटले, करडांना वारा लागू नये. म्हणून पत्र्याच्या खोलीच्या सगळ्या फटी आम्ही गोणपाटाने बुजवल्या. खोली उबदार झाली. आम्ही खूश. पण आठ दिवसांत करडे ढासू लागली. दोन गेली. पशुवैद्य डॉक्टर आले, त्यांनी दार उघडले आणि नाकाला रुमाल लावला. ते म्हणाले, "गुरुजी, थंडी बाहेर ठेवलीत, पण घाण हवा आत कोंडलीत." शाळेत वर्गाच्या खिडक्या उघडायला मुलांना रोज सांगणारे आम्ही, घरी शेळीची खिडकी बुजवून बसलो होतो!

आता जागा कशी करावी ते सांगतो. फार पैसे लागत नाहीत.

घराच्या आवारातली उंच बाजू निवडा. पाणी जिकडून वाहत येते ती बाजू नको. एका मोठ्या शेळीला छपराखाली १० चौरस फूट जागा लागते. करडाला ५ चौरस फूट धरा. तीन शेळ्यांची ३० आणि पाच करडांची २५, मिळून ५५. म्हणजे १० फूट लांब आणि ६ फूट रुंद जागा पुरते. सहा दाहे साठ. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा. म्हणजे उन्हाळ्यात दुपारचे ऊन थेट आत येत नाही. समोर याच्या दुप्पट मोकळे अंगण असावे, त्याला काट्यांचे किंवा जाळीचे कुंपण करावे. दिवसा शेळ्या तिथे फिरतील. बोकड ठेवलात तर त्याला वेगळी जागा द्या.

जमिनीकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. वरची काळी माती वीतभर खोल काढून टाका. त्यात दगडगोटे भरा. दगडावर मुरूम टाका, पाणी मारा आणि धुमसाने चोपा. ही जमीन अंगणापेक्षा फूटभर उंच आली पाहिजे. एका बाजूला उतार ठेवा. १० फुटांना चार बोटे उतार पुरे. मूत उताराने खाली जाईल, तिथे लहान चारी काढा. ही चारी उकिरड्याकडे न्या. मुताने खताची ताकद वाढते, ते वाया का घालवावे?

कोणी म्हणेल, मग सिमेंटच का करू नये? सिमेंट थंडीत गार पडते आणि मूत वरच राहते. रोज धुवायला पाणी हवे. आपल्याकडे चैत्र-वैशाखात माणसाला प्यायला पाणी नसते. मुरमाला फक्त झाडू लागतो. दर वर्षी उन्हाळ्यात वरचा चार बोटे थर खरवडून शेतात टाकावा आणि नवा मुरूम घालावा. आठवड्यातून एकदा चुन्याची भुकटी भुरभुरावी. पाऊस लागला असेल तर चुलीतली राख किंवा कोरडे भुसकट पसरावे. ओले झाले की ते काढून टाकावे.

भिंत तीन फूट भरीव असावी. बसलेल्या शेळीला वारा लागणार नाही एवढीच. मातीची, विटांची, किंवा तुराट्यांचा कूड करून शेणामातीने लिंपलेली, कोणतीही चालते. तिच्यावर छपरापर्यंत मोकळे ठेवा आणि जाळी लावा. घाण हवा तिथून निघून जाते. पाऊस ज्या बाजूने येतो, त्या एकाच बाजूला गोणपाटाचा पडदा सोडा. पाऊस थांबला की पडदा वर गुंडाळा. वळचण दोन फूट पुढे काढा, म्हणजे पागोळ्यांचे पाणी आत शिंतडणार नाही. छपराला पत्रा असेल तर उन्हाळ्यात तो तापतो. त्याच्यावर पऱ्हाट्या किंवा पाचट टाका आणि दोरीने बांधा.

करडांसाठी आतल्या कोपऱ्यात एक बाज ठेवा. जुन्या बाजेचे पाय फूटभराचे करून वर बांबूच्या कामट्या बांधल्या तरी झाले. कामट्यांमध्ये करंगळी जाईल एवढीच फट ठेवा. जास्त ठेवली तर पाय अडकून मोडतो. लेंड्या आणि मूत खाली पडते, करडू वर कोरडे राहते. पुष्कळ घरी करडे डालीखाली झाकतात. दुपारच्या वेळी ते ठीक आहे. रात्री ओल्या जमिनीवर डाल ठेवली तर करडू चिखलात कोंडल्यासारखे होते.

जागा झाली का नाही, याची परीक्षा सोपी आहे. पहाटे आत जा. गुडघा टेका. कपडा कोरडा राहिला पाहिजे आणि डोळे चुरचुरता कामा नयेत.

आता करडू कोणत्या महिन्यात जन्मावे, हेही थोडे आपल्या हातात असते. शेळी पाच महिन्यांनी विते. माघात फळलेली शेळी आषाढात विते. म्हणजे ऐन झडीत करडू जमिनीवर पडते. आमच्या त्या बाईंच्या शेळ्यांचे हेच झाले. त्याऐवजी ज्येष्ठात फळलेली शेळी कार्तिकात विते. तेव्हा जमीन सुकलेली असते, बांधावर पाला असतो, शेतात तूर उभी असते. आईला खायला मिळते आणि तिला दूध येते. पण शेळ्यांबरोबर बोकड बारा महिने मोकळा फिरत असेल, तर हा हिशेब कोण ठेवणार? बोकड वेगळा बांधावा. शेळी माजावर आली की एक-दोन दिवस माज राहतो. त्या वेळी दाखवावी. चुकली तर सुमारे २१ दिवसांनी ती पुन्हा माजावर येते. आणि कळपातला बोकड दोन वर्षांनी बदलावा. नाहीतर तो आपल्याच पाटींना लागतो आणि करडे दुबळी निपजतात.

करडू जन्मले की अर्ध्या तासात त्याला आईचा चीक पाजा. काही घरी जार पडेपर्यंत पाजत नाहीत. चीक जड असतो, हगवण लागते, असे म्हणतात. ही समजूत करडाच्या जिवावर येते. करडाच्या अंगात जन्मतः रोगाशी लढायची ताकद नसते. ती आईच्या चिकातून येते. करडाचे आतडे ही ताकद पहिल्या दिवसातच घेऊ शकते, पुढे ते दार बंद होते. करडाच्या वजनाचा दहावा हिस्सा चीक पहिल्या दिवशी पोटात गेला पाहिजे. दोन किलोच्या करडाला २०० मिलिलिटर, म्हणजे चहाचे दोन लहान कप. तो तीन-चार वेळा विभागून पाजा. जुळे असेल तर दुबळ्या करडाला आधी सडाला लावा. नाळ दोन बोटे ठेवून दोऱ्याने बांधा, स्वच्छ पात्याने कापा आणि टिंचर आयोडीन लावा.

आता चाऱ्याकडे वळू. इथेही शेळीचा तोच स्वभाव. तिला खाणे उंचावर हवे. जमिनीवर टाकलेला पाला ती एकदा तुडवते आणि मग त्याला तोंड लावत नाही. आपण म्हणतो, शेळी माजली. तुडवलेल्या पाल्याला लेंडीचा वास येतो, म्हणून ती खात नाही. लेंडीत जंतांची अंडी असतात. तेव्हा तिचेच बरोबर आहे! पाल्याच्या पेंढ्या बांधून शेळीच्या तोंडाएवढ्या उंचीवर टांगा. भुसकटासाठी फळ्यांची किंवा पत्र्याचा पिंप उभा चिरून गव्हाण करा आणि ती दीड फूट उंचीवर बसवा. एवढ्याने चाऱ्याची नासाडी पुष्कळ थांबते.

मोठ्या शेळीला दिवसाला तीन-चार किलो ओला पाला आणि अर्धा ते एक किलो सुके खाणे लागते. सहा-सात तास चरून येणाऱ्या शेळीला संध्याकाळी याच्या निम्मे द्यावे. आपल्याकडे तुरीला तोटा नाही. बदनापूरला तर तुरीच्या नव्या जाती काढणारे संशोधन केंद्र आहे. तुरीचे भुसकट शेळी आवडीने खाते. हरभऱ्याचे आणि सोयाबीनचे भुसकटही चालते. खळे झाले की हे भुसकट वाऱ्यावर सोडू नका, पेटवू तर मुळीच नका. पोत्यात भरून कोरड्यात ठेवा, वैशाखात ते कामास येते. बाभळीच्या शेंगाही वेचून ठेवा.

ओल्या पाल्यासाठी बांधावर शेवरी, हादगा, सुबाभूळ लावा. सुबाभूळ मात्र एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त देऊ नका. त्याच्या पाल्यात थोडा विषारी अंश असतो. गाभण शेळीला शेवटचा दीड महिना आणि दूध पाजणाऱ्या शेळीला रोज पाव किलो भरडा द्या. मका किंवा ज्वारी भरडून त्यात थोडी पेंड आणि चिमूटभर मीठ घाला. हा पाव किलो आईच्या तोंडात जातो आणि करडाच्या अंगावर दिसतो. पाणी स्वच्छ आणि दिवसातून दोन-तीन वेळा द्या. उन्हाळ्यात शेळी पाच-सहा लिटर पाणी पिते.

तीन ठिकाणी सावध राहा. खळ्यावर धान्याची रास असेल तर शेळी बांधून ठेवा. पोटभर धान्य खाल्ले की पोटात आंबते आणि शेळी दोन दिवसांत मरते. पावसाने ओढ दिलेली, गुडघ्याएवढी कोवळी ज्वारी, किंवा कापलेल्या ज्वारीचे नवे फुटवे, यांत जहाल विष असते. तिकडे शेळी नेऊ नका. आणि फवारलेल्या कापसात शेळी कधी सोडू नका, मग वेचणी संपलेली का असेना. शेजाऱ्याने कधी फवारले ते विचारल्यावाचून शिरू नका.

पावसाळ्यात पहाटे चरायला नेऊ नका. दव असते तेव्हा जंतांची बारीक पिल्ले ओल्या गवताच्या पात्यावर चढून बसतात. ऊन चढून दव सुकल्यावर न्या. यातला एक जंत शेळीच्या पोटात रक्त पितो. तो ओळखायचा कसा? शेळीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग पाहा. लाल किंवा गुलाबी असेल तर बरे. पांढरी फटक असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. एरवी पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा जंताचे औषध डॉक्टर सांगतील तेवढेच पाजा.

लसही चुकवू नका. आंत्रविषाराची लस दर वर्षी पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यावी लागते. पहिल्यांदा टोचताना पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा टोचतात. पीपीआर नावाचा रोग सगळा कळप घेऊन जातो. नाका-डोळ्यांतून पाणी, तोंडात फोड, ताप आणि हगवण ही त्याची खूण. त्याची लस चौथ्या महिन्यात टोचली की सुमारे तीन वर्षे पुरते. १९६२ या नंबरावर फोन केला तर जनावरांच्या फिरत्या दवाखान्याची माहिती मिळते. हा नंबर गोठ्याच्या दारावर कोळशाने लिहून ठेवा. तुम्हाला आता लिहिता येते.

अलीकडे तरुण मुले आमच्याकडे येतात. म्हणतात, गुरुजी, कर्ज काढून मोठे शेड बांधतो, पन्नास शेळ्या आणतो, बंदिस्त पाळतो. आम्ही विचारतो, पाला कुठे लावलास? तो म्हणतो, लावू की मग. पन्नास शेळ्यांना दिवसाला दोनशे किलो पाला लागतो. तो विकत घेतला तर शेळीच शेडला खाऊन टाकते. आमचे मत असे, की आधी बांधावर झाडे लावावीत, ती वाढू द्यावीत. तोवर जालन्याजवळ खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात, किंवा छत्रपती संभाजीनगरजवळ पडेगावला शेळी-मेंढी महामंडळाचे प्रक्षेत्र आहे तिथे जाऊन, डोळ्यांनी सगळे पाहून यावे. मग चार-पाच शेळ्या घ्याव्यात. बाजारातून आणलेली शेळी तीन आठवडे वेगळी बांधावी, म्हणजे तिचा रोग घरच्या शेळ्यांना लागत नाही.

त्या बाईंनी पुढच्या वैशाखात मुलांना हाताशी धरून काळी माती खणून काढली. मुरूम गावच्या टेकडीवरून पाटीने आणला. कूड तुराट्यांचा केला. जाळीला पैसे नव्हते, ती नंतर लावू म्हणाल्या. शेळ्या ज्येष्ठात दाखवल्या. कार्तिकात पाच करडे झाली. आम्ही पौषात गेलो तेव्हा चार करडे बाजेवरून उड्या मारत होती. आम्ही पाचव्याचे विचारले.

"ते ढासून नाही गेलं गुरुजी," बाई म्हणाल्या. "कुत्र्यानं नेलं. कुडावरून उडी मारून आत शिरला."

दुसऱ्याच दिवशी बाजारातून जाळी आणली.